साथ ओसरल्यावर रक्तात काय उरतं?



आजचा विषय बार्शीत मांडायचा म्हटल्यावर सुरुवात कुठून करायची याचा मला फार विचार करावा लागला नाही. १९७३ साली या गावात चिकुनगुनियाची साथ आली होती. इथे बसलेल्यांपैकी पुष्कळांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण जे होते त्यांना तो ताप आठवत असेल. एकाएकी भरून येणारा ताप, आणि सांधे असे धरायचे की अंथरुणात उठून बसायलाही दुसऱ्याचा हात लागायचा. बहात्तरच्या दुष्काळाची झळ अजून ताजी होती. पाणी रांजणांत, हौदांत, पिंपांत साठवून पुरवून वापरायचं, आणि हा आजार पसरवणारा एडिस डास नेमका अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आज आपण जिला एनआयव्ही म्हणून ओळखतो त्या संस्थेने, त्या साथीचा अभ्यास केला. चिकुनगुनियाचा भारतातला इतिहास लिहिताना १९६३ सालचं कोलकाता आणि १९७३ सालची बार्शी ही दोन नावं टाळता येत नाहीत, ती त्यामुळेच.

बार्शीनंतर हा विषाणू देशातून जवळजवळ नाहीसा झाला. बत्तीस वर्षं त्याची मोठी साथ कुठेच आली नाही. २००५ च्या अखेरीस तो आंध्रात उगवला, २००६ मध्ये मालेगावात आणि मग महाराष्ट्रभर पसरला. त्या एका वर्षात देशात संशयित रुग्णांची संख्या १४ लाखांच्या घरात गेली. तपासणीत कळलं की हा जुना विषाणू नव्हे. कोलकात्यात आणि बार्शीत सापडला होता तो आशियाई वंशाचा, हा आफ्रिकी वंशाचा. आणि पुणे जिल्ह्यातल्या यवतला २००० साली गोळा केलेल्या डासांमध्ये हा आफ्रिकी वंश आधीच मिळालेला होता. साथ येण्याच्या पाच वर्षं आधी तो आपल्या अंगणात येऊन बसला होता.

आता प्रश्न असा, की १९७३ साली ज्याचे सांधे धरले होते, त्या माणसाच्या रक्तात २००६ साली त्या तापाची काही खूण शिल्लक होती का? बार्शीतल्या माणसांपुरतं उत्तर देण्याइतकी आकडेवारी माझ्यापुढे नाही, म्हणून मी ते देणार नाही. पण कोलकात्याचं उत्तर आहे. १९६३ च्या साथीनंतर साधारण तीस वर्षांनी तिथल्या लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा चारेक टक्के नमुन्यांत चिकुनगुनियाविरुद्धच्या अँटिबॉडी मिळाल्या, आणि त्यांचं सर्वाधिक प्रमाण पन्नाशी ओलांडलेल्यांत होतं. तरुणांत काहीच नाही. या एका निरीक्षणात दोन गोष्टी आहेत. साथ पाहिलेल्या काही शरीरांनी तीस वर्षं खूण जपली. आणि ज्यांनी साथ पाहिलीच नाही अशी एक अख्खी पिढी दरम्यान वाढली. २००६ चा भडका उडायला ही दुसरी गोष्टही कारणीभूत होती.

कोविडच्या काळात तुम्ही सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला. आजारातून उठल्यावर अँटिबॉडी किती दिवस टिकतात? कुणी तीन महिने सांगितलं, कुणी सहा, कुणी नऊ. मी माझं सगळं नोकरीचं आयुष्य विषाणूच्या प्रयोगशाळेत काढलं आहे, आणि माझं म्हणणं असं आहे की या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देणारा माणूस तुमचं नुकसान करतो. गोवरासाठी उत्तर वेगळं, सर्दीसाठी वेगळं, डेंग्यूसाठी तर असं की ते ऐकून तुम्हाला अँटिबॉडी नकोशा वाटाव्यात.

सगळ्यात जुनं आणि माझ्या मते आजही सगळ्यात सुंदर उत्तर फॅरो बेटांवरून आलं. उत्तर अटलांटिकमधली ही डेन्मार्कची बेटं. १८४६ साली तिथे गोवराची साथ आली आणि ७,७८२ लोकवस्तीपैकी सुमारे ६,००० माणसं आजारी पडली. सरकारने पीटर लुडविग पानुम नावाच्या तरुण डॉक्टरला तिकडे धाडलं. वय पंचवीस. हातात ना सूक्ष्मदर्शक, ना रक्ततपासणी. जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध व्हायला अजून काही दशकं होती. पानुम होडीने आणि पायी गावोगाव फिरला, घरांत जाऊन बसला, कोण कोणाकडे कधी आलं, अंगावर पुरळ कोणत्या दिवशी उठलं हे विचारत गेला. संसर्ग आणि पुरळ यांत तेरा-चौदा दिवसांचं अंतर असतं हे त्याने या विचारपुशीतून काढलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की म्हातारी माणसं दोन प्रकारची आहेत. काही नातवंडांबरोबर गोवराने फणफणली आहेत, काही ठणठणीत आहेत. ठणठणीत होती त्यांना लहानपणी, १७८१ च्या साथीत, गोवर येऊन गेला होता. असे ९८ वृद्ध त्याला भेटले, आणि त्यांतल्या एकालाही पुन्हा गोवर आला नाही. मधली पासष्ट वर्षं बेटांवर गोवर नव्हताच.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. मुंबईत राहणाऱ्या माणसाच्या अँटिबॉडी टिकल्या तर शंका घेता येते: विषाणू आसपास फिरतच असतो, त्याने शरीराला अधूनमधून आठवण करून दिली असेल. फॅरोच्या म्हाताऱ्यांना पासष्ट वर्षं कुणी आठवण करून दिली नव्हती.

पुढे रक्त तपासता यायला लागल्यावर या निरीक्षणाला पुरावे मिळत गेले. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोक बंदरात १८५५ साली पिवळ्या तापाची भयंकर साथ आली होती. विल्बर सॉयर या संशोधकाने त्यातून वाचलेल्या वृद्धांचं रक्त पंचाहत्तर वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यात पिवळ्या तापाचा विषाणू निष्प्रभ करण्याची ताकद शिल्लक होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झातून वाचलेल्या बत्तीस जणांचं रक्त २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलं गेलं. सगळे १९१५ मध्ये किंवा त्याआधी जन्मलेले, नव्वदी पार केलेले. सगळ्यांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या अँटिबॉडी होत्या. काहींच्या रक्तातल्या पेशी वेगळ्या काढल्या, तर त्या पेशींनी बनवलेल्या अँटिबॉडींनी १९१८ च्या विषाणूची लागण केलेले उंदीर वाचवले. नव्वद वर्षांनी!

आता यात एक अडचण आहे आणि ती समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अँटिबॉडी हे एक प्रथिन आहे. रक्तात सर्वांत जास्त असणारा तिचा प्रकार, आयजीजी, याचा अर्धा साठा साधारण तीन आठवड्यांत मोडून जातो. आयजीएम हा दुसरा प्रकार तर पाचेक दिवसांतच निम्मा होतो. मग आज तुमच्या रक्तात असलेली गोवराची अँटिबॉडी लहानपणची असूच शकत नाही. ती गेल्या महिन्या-दोन महिन्यांत बनलेली आहे. याचा अर्थ, गोवर बरा होऊन चाळीस वर्षं झाली तरी शरीरात कुठेतरी कुणीतरी गोवराची अँटिबॉडी रोज बनवत बसलं आहे.

ते बसले आहेत हाडांच्या पोकळीत, अस्थिमज्जेत. त्यांना प्लाझ्मा पेशी म्हणतात. संसर्ग झाला की लसिका ग्रंथींमध्ये, ज्यांच्यापासून प्लाझ्मा पेशी तयार होतात त्या बी पेशींची धांदल उडते. काखेत, गळ्याला अवधाण येतं ते हेच. त्या पेशी वाटेल तशा वाढत नाहीत. तिथे निवड चालते: ज्या पेशीची अँटिबॉडी विषाणूला अधिक घट्ट धरते ती टिकते, बाकीच्या मरतात. आठवडेच्या आठवडे ही निवड चालू राहते. सुरुवातीला घाईने तयार झालेल्या प्लाझ्मा पेशी ढीगभर अँटिबॉडी ओततात आणि थोड्याच दिवसांत मरतात. निवडीतून तावून सुलाखून निघालेल्यांपैकी काही मोजक्या अस्थिमज्जेत जाऊन ठाण मांडतात आणि वर्षानुवर्षं, काही आजारांत आयुष्यभर, दर सेकंदाला हजारोंनी अँटिबॉडी सोडत राहतात. तिसरा गट स्मृतिपेशींचा. त्या अँटिबॉडी बनवत नाहीत, गप्प असतात, विषाणू पुन्हा दिसला की काही दिवसांत नवी फौज उभी करतात.

तुमच्या भागात ज्वारी पिकते म्हणून सांगतो. सुगीला खळ्यावर रास पडते. ती पाहून कुणी असं म्हणत नाही की वर्षभर ती रास तशीच राहील. आणि ती उतरली म्हणून घरातली ज्वारी संपली असंही कुणी म्हणत नाही. पेवात किती उतरली आणि बियाणं किती राखलं, हे विचारतो. अँटिबॉडींच्या बाबतीत २०२० साली जगभर रास उतरलेली पाहून बोंब उठली. लंडनच्या एका अभ्यासात आजारानंतरच्या तीन महिन्यांत अँटिबॉडी झपाट्याने घटल्याचं दिसलं, आणि प्रतिकारशक्ती तीन महिन्यांतच संपते असे मथळे मराठी वर्तमानपत्रांतही झळकले. त्याच सुमारास आइसलँडमधल्या मोठ्या पाहणीत चार महिने अँटिबॉडी टिकून असल्याचं दिसत होतं. पहिली घट खरी होती. पण ती घाईने जन्मलेल्या अल्पायुषी पेशी मेल्याची घट होती.

खरं उत्तर हवं तर हाडात बघावं लागतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या अली एलेबेडी यांच्या गटाने ते धाडस केलं. बहुतेक सौम्य कोविड होऊन गेलेल्या लोकांना त्यांनी कमरेच्या हाडातून मज्जा देण्याची विनंती केली. ही सुई दुखते, तरीही लोक पुढे आले. आजारानंतर सात-आठ महिन्यांनी काढलेल्या त्या मज्जेत बहुतेकांच्यात कोरोनाविरुद्ध अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी मिळाल्या. ज्यांना कोविड झालाच नव्हता त्यांच्यात एकही नाही. काही जण चार महिन्यांनी पुन्हा आले. पेशी तिथेच होत्या.

आता मोजमापाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण त्याच्यावरून आपल्याकडे फार गोंधळ झाला.

अँटिबॉडी आहेत का, हे तपासण्याचा जो प्रकार आम्ही सर्वांत विश्वासाचा मानतो, तो करायला आठवडा लागू शकतो. रुग्णाचं रक्त गोठू देऊन वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं करायचं. ते ५६ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, म्हणजे त्यातले इतर घटक निकामी होतात, अँटिबॉडी मात्र टिकते. मग ते पातळ करत जायचं: दहा पट, वीस पट, चाळीस, ऐंशी, एकशे साठ. प्रत्येक पातळीच्या थेंबांत ठरावीक विषाणू मिसळून तासभर ३७ अंशांवर ठेवायचे. तेवढ्या वेळात अँटिबॉडीला जे विषाणू धरायचे असतील ते ती धरते. मग हे मिश्रण माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींच्या थरावर ओतायचं आणि वर घट्टसर द्रवाचा थर द्यायचा, म्हणजे विषाणू शेजारच्याच पेशीकडे जाऊ शकतो, लांब नाही. काही दिवसांनी प्लेट जांभळ्या रंगाने रंगवली की जिवंत पेशींचा थर जांभळा दिसतो आणि विषाणूने जिथे पेशी मारल्या तिथे गोल, पांढरी भोकं. ती भोकं डोळ्यांनी मोजायची. सीरम किती पातळ केल्यावर भोकं निम्म्यावर येतात, तो त्या माणसाचा आकडा. एका माणसाचं सीरम वीस पटीला हात टेकतं, दुसऱ्याचं सहाशे चाळीस पटीलाही विषाणूला रोखून धरतं. हे प्लेटवर शेजारी शेजारी दिसतं तेव्हा प्रतिकारशक्ती हा शब्द उच्चारताना माणूस जपून बोलायला लागतो.

पॅथॉलॉजी लॅबमधून तुमच्या हातात आलेला अहवाल अशा तपासणीचा नव्हता. तो किटचा होता. किट अँटिबॉडी विषाणूला रोखते का हे बघत नाही, विषाणूच्या एखाद्या तुकड्याला चिकटते का एवढंच बघतं. कुठलं किट विषाणूच्या बाहेरचे काटे बघायचं, कुठलं आतलं प्रथिन. आतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी काही किटवर लवकर दिसेनाशा व्हायच्या. एका किटवर 'निगेटिव्ह' आलेला माणूस दुसऱ्यावर ठळक 'पॉझिटिव्ह' यायचा. काही अहवालांवर '२५० पेक्षा जास्त' एवढंच छापून यायचं, कारण त्या यंत्राची मोजपट्टी तिथेच संपायची. लोक मात्र वेगवेगळ्या लॅबचे आकडे घेऊन भावाभावांत, सोसायटीत तुलना करायचे, आणि आकडा कमी आलेला माणूस धास्तावून झोपायचा नाही. ते बघून वाईट वाटायचं.

हाच घोटाळा शहरांच्या पातळीवर झाला तेव्हा मात्र किंमत फार मोठी पडली. ब्राझीलमधल्या मनाउस शहरात रक्तदात्यांच्या नमुन्यांत जून २०२० मध्ये जवळजवळ निम्म्यांत अँटिबॉडी मिळाल्या आणि ऑक्टोबरमध्ये जेमतेम पाव हिश्श्यात. शहराची लागण काही उलटी झाली नव्हती, त्या किटवर दिसणाऱ्या अँटिबॉडी ओसरल्या होत्या. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांच्या पाहणीत झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांत अँटिबॉडी होत्या. ऑगस्टच्या दुसऱ्या फेरीत झोपडपट्टीतला आकडा ४५ वर आला. नमुने निराळ्या लोकांचे होते, तरी ओसरणाऱ्या अँटिबॉडींचा त्यात वाटा असू शकतो. पुण्यात निवडलेल्या पाच प्रभागांत त्याच सुमारास ५१.५ टक्के आले. हे आकडे ऐकून पुष्कळ शहाण्या माणसांनी आता धोका टळला असं धरलं. मनाउसला जानेवारी २०२१ मध्ये ऑक्सिजनअभावी माणसं गेली, आणि आपल्याकडे फेब्रुवारीत अमरावतीपासून दुसरी लाट कशी सुरू झाली ते तुम्ही विसरला नसाल. या गावातही घरं रिकामी झाली असतील. पाहणी चुकीची नव्हती. निवडक भागांचा आकडा सगळ्या शहराला लावला गेला, अँटिबॉडी असणं म्हणजे लागण न होणं असं मानलं गेलं, आणि तोवर विषाणू बदलला होता.

मग गोवराच्या अँटिबॉडी पासष्ट वर्षं पुरतात आणि कोरोनाच्या का पुरत नाहीत? ओरेगॉनमधल्या संशोधकांनी पंचेचाळीस माणसांच्या, सव्वीस वर्षांपर्यंत जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून हिशेब केला. अँटिबॉडीचं प्रमाण निम्मं व्हायला किती काळ लागेल? धनुर्वाताच्या लशीनंतर ११ वर्षं, घटसर्पाच्या १९. कांजिण्यांना ५०. देवीच्या लशीतल्या विषाणूला ९२. रुबेलाला ११४. गालगुंडाला ५४२. गोवराला ३,०१४ वर्षं. इतकं कुणी जगत नाही. अर्थ एवढाच की गोवराच्या अँटिबॉडीची रेघ माणसाच्या आयुष्यात जवळजवळ सपाट राहते. धनुर्वाताची लस पुन्हा पुन्हा का घ्यावी लागते आणि गोवराची म्हातारपणी का नाही, याचं उत्तर या आकड्यांत आहे. पिवळ्या तापाच्या लशीचंही असंच झालं. आफ्रिकेत जाणाऱ्यांना तिचा दाखला पूर्वी दर दहा वर्षांनी नवा काढावा लागे. जुलै २०१६ पासून एका डोसचा दाखला आयुष्यभर चालतो.

सर्दीचे कोरोना विषाणू मात्र वेगळ्या स्वभावाचे. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ सर्दीचा अभ्यास करणारं केंद्र होतं. तिथे स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा कोरोना विषाणू सोडला, आणि वर्षाने पुन्हा तोच सोडला. पहिल्यांदा लागण झालेल्या नऊ जणांपैकी सहा जणांना पुन्हा लागण झाली. पण सर्दी एकालाही झाली नाही, आणि विषाणू नाकातून बाहेर पडण्याचे दिवसही घटले. वर्षभरात अँटिबॉडी उतरल्या होत्या आणि तरीही शरीराने आजार होऊ दिला नाही.

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली विषाणूच्या चालीत आहे. गोवर अंगात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत दोन आठवडे घेतो. त्या वेळात तो लसिका ग्रंथी, रक्त, सगळीकडे फिरतो. त्यामुळे एक तर शरीराला त्याची इतकी दांडगी ओळख होते की प्लाझ्मा पेशी कायमच्या बसतात. दुसरं असं, की पुन्हा आलाच तर स्मृतिपेशींना जागं व्हायला भरपूर वेळ मिळतो. सर्दी, फ्लू, ओमायक्रॉन दोन-तीन दिवसांत काम उरकतात, नाका-घशाच्या पातळ आवरणातच. तिथे त्याच क्षणी अँटिबॉडी हजर असेल तरच लागण अडते. स्मृतिपेशी पोहोचतात तोवर ताप आलेला असतो. त्या पोहोचल्यामुळे न्यूमोनिया मात्र टळतो. लस घेऊनही कोविड झाला म्हणून तक्रार करणारे लोक मला आजही भेटतात. झाला, आणि तुम्ही आज ते सांगायला समोर आहात, ही त्या स्मृतीचीच कमाई आहे. शिवाय टी पेशी हा संरक्षक पेशींचा आणखी एक प्रकार आहे, जो अँटिबॉडीच्या अहवालात दिसतच नाही. २००३ च्या सार्स या कोरोना विषाणूच्याच आजारातून वाचलेल्यांच्या अँटिबॉडी दोन-तीन वर्षांत बऱ्याच उतरल्या होत्या, पण सिंगापूरमध्ये सतरा वर्षांनी तपासलं तेव्हा त्यांच्या टी पेशी तो विषाणू अजून ओळखत होत्या.

इथपर्यंत ऐकून वाटेल की अँटिबॉडी जितकी टिकेल तितकं बरं. डेंग्यू हे गणित मोडतो, आणि डेंग्यू बार्शीला परका नाही, म्हणून त्याच्याकडे वळतो. डेंग्यूचे चार प्रकार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आल्बर्ट सेबिन यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की एका प्रकाराची लागण झाली की त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, पण दुसऱ्या प्रकारापासून दोन-तीन महिनेच. त्यानंतर जुन्या अँटिबॉडी नव्या प्रकाराला धरतात, पण मारू शकत नाहीत. उलट त्याला आपल्याच रक्षक पेशींच्या आत पोहोचवतात. क्यूबामध्ये १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली, लोक फारसे दगावले नाहीत. १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला: ३,४४,२०३ रुग्ण, १५८ मृत्यू. १९९७ मध्ये सान्तियागो दे क्यूबा शहरात दुसरा प्रकार पुन्हा आला, तेव्हा गंभीर झालेले रुग्ण जवळजवळ सगळे मोठे होते, पहिल्या प्रकाराच्या साथीच्या आधीच जन्मलेले. त्यानंतर जन्मलेली मुलं वाचली. वीस वर्षं टिकलेल्या अँटिबॉडींनी घात केला. निकाराग्वात मुलांच्या मोठ्या पाहणीत तर असं आढळलं की भरपूर अँटिबॉडी असलेला सुरक्षित, अजिबात नसलेलाही एका अर्थी सुरक्षित, आणि मधल्या प्रमाणात असलेला सर्वांत धोक्यात. म्हणून एकदा डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाने 'आता मला भीती नाही' असं कधीही म्हणू नये. पोटात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, ताप उतरल्यावर अंग गार पडतंय, असं दिसलं की त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

शेवटी पुन्हा गोवराकडे येतो, कारण सर्वांत टिकाऊ अँटिबॉडी देणारा हा आजार दुसऱ्या बाजूने काय घेऊन जातो ते अलीकडे कळलं. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींवरच हल्ला करतो. नेदरलँड्समध्ये २०१३ च्या साथीत लस न घेतलेल्या ७७ मुलांचं आजाराच्या आधीचं आणि नंतरचं रक्त मिळालं होतं. हार्वर्डच्या गटाने ते तपासलं, तेव्हा दिसलं की गोवराने या मुलांच्या इतर आजारांविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के पुसून टाकल्या होत्या. वर्षानुवर्षं सर्दी-खोकले, ताप-जुलाब सोसून कमावलेलं पोराच्या हातून पंधरा दिवसांत गेलं. गोवर अंगावर काढलेलं मूल पुढची दोन-तीन वर्षं वारंवार का आजारी पडतं, हे कोडं आता उलगडलं आहे. लशीमुळे असं होत नाही. गोवर आलेलाच बरा, प्रतिकारशक्ती पक्की होते, असं सांगणारी वडीलधारी माणसं अजून भेटतात. त्यांच्याविषयी आदर ठेवून सांगतो: हे म्हणणं मुलांच्या जिवावर बेतणारं आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत आणि मुंबईच्या इतर वस्त्यांत गोवराने लहान मुलं गेली, ती लस चुकलेल्या घरांतली जास्त.

लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर का देतात, याचं कारणही अँटिबॉडी किती टिकतात यातच आहे. आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाला मिळतात आणि पुढच्या काही महिन्यांत ओसरतात. त्या असताना लस दिली तर आईच्याच अँटिबॉडी लशीतला विषाणू निष्प्रभ करतात. फार उशीर केला तर बाळ उघडं पडतं. नऊ महिने हा या दोन्हींमधला मोजून काढलेला मुहूर्त आहे. पहिल्या डोसला काही मुलांचं शरीर प्रतिसाद देत नाही, त्यांच्यासाठी सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा.

तेव्हा माझी विनंती आहे. अँटिबॉडी मोजण्यावर पैसे खर्च करू नका. सरकारची सर्वेक्षणाची माणसं रक्त मागायला दारी आली तर द्या. कोलकात्याच्या लोकांनी रक्त दिलं म्हणून तीस वर्षांचा हिशेब आज माझ्या हातात आहे, बार्शीचा नाही. आणि घरात, शेजारी, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात लहान मूल असेल तर त्याचं लशीचं कार्ड आज रात्री काढून बघा. गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसचा रकाना रिकामा असेल तर आशाताईंना गाठा. पाच वर्षांचं होईपर्यंत राहिलेला डोस सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो.